नभोवाणी केंद्रांची बदलती कार्यक्रमरचना आणि श्रोत्यांची आवड

एखाद्या नभोवाणी केंद्राने आपले स्वरूप बदलले की त्याचे कारण सामान्यतः एकच सांगितले जाते: श्रोत्यांची आवड बदलली, म्हणून केंद्रासही बदलावे लागले. हे उत्तर सोपे आहे. परंतु अपुरे आहे. आवड ही केंद्राच्या बाहेर, केंद्रापूर्वी सिद्ध असलेली वस्तू आहे आणि केंद्र केवळ तिचा शोध घेते, असे या उत्तरात गृहीत धरलेले असते. वस्तुतः श्रोत्याची आवड आपणांस दोनच मार्गांनी कळू शकते: त्याच्यापुढे जे पर्याय ठेवले असतील त्यांतून तो काय निवडतो यावरून, किंवा त्याला जे विचारले असेल त्याचे तो काय उत्तर देतो यावरून. पर्याय आणि प्रश्न या दोहोंची मांडणी श्रोता करीत नाही. ती इतर कोणीतरी केलेली असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास त्यात कोणते कार्य आहे हे दाखवावयाचे आहे.

प्रथम संज्ञेविषयी. केंद्रावरून काय ऐकवावे, कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात, यांविषयीच्या ठरीव योजनेस येथे ‘कार्यक्रमरचना’ म्हटले आहे. व्यवसायातील मंडळी हिलाच ‘फॉरमॅट’ म्हणतात. रचना बदलली म्हणजे केवळ गाणी बदलली असे नव्हे. बोलण्याची रीत आणि ज्याच्याशी बोलावयाचे तो मनातील श्रोता, हे दोन्ही बदलतात.

१. आज्ञा आणि अवज्ञा

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, आणि ती सुधारणे हे सरकारी नभोवाणीचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. चित्रपटगीतांवर निर्बंध आले. त्यातच निर्मात्यांशी वाद उद्भवला आणि ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी याविरुद्ध सभा भरविल्या नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ चालू केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तीवरून जाहिरातीही होऊ लागल्या.

या घटनाक्रमावरून ‘शेवटी श्रोत्यांची आवडच जिंकते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच काळातील दुसरे उदाहरण त्याच्या आड येते. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ सुरू केले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि आठवड्यास एक गीत, असा तो उपक्रम १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालला. वर्षभर चालणारी गीतमय रामकथा आम्हांस हवी, अशी मागणी कोणत्याही पाहणीत उमटली नसती. कारण असे काही असू शकते हेच श्रोत्यांस ठाऊक नव्हते. तरीही त्या प्रसारणाला जे प्रेम लाभले ते सर्वश्रुत आहे. म्हणजे वरून लादलेली अभिरुची श्रोता झुगारून देतो हे जितके खरे, तितकेच न मागितलेले तो मनापासून स्वीकारतो हेही खरे. आवड आधी की रचना आधी, हा प्रश्नच येथे चुकीचा ठरतो.

२. विचारण्याची रीत

१९५६ च्या प्रारंभी युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या क्षेत्रात नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ते ऐकावे, त्यांवर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयरथ यांनी केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी इतर गावांहून स्पष्टपणे अधिक आढळली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की, येथे श्रोत्याला ‘तुला काय आवडते?’ असे एकट्याला गाठून विचारलेले नव्हते. ऐकणे, बोलणे आणि उत्तर मागणे या क्रियांतून त्याची अपेक्षा आकार घेत होती. अपेक्षा मोजण्याची रीत हीच ती घडविण्याचीही रीत होती.

याच्या उलट टोकाची रीत अर्धशतकानंतर आली. २००७ मध्ये मुंबईसह चार महानगरांत जी श्रोतृमापनपद्धती सुरू झाली, तीत निवडलेली माणसे कोणत्या वेळी कोणती वाहिनी ऐकली हे रोजनिशीत नोंदवीत. या नोंदीवरून उपलब्ध वाहिन्यांतील चढाओढ कळते. उपलब्ध नसलेल्या वाहिनीविषयी ती काहीच सांगू शकत नाही.

३. सारखेपणाचे अर्थकारण

ही मर्यादा मुंबईच्या बाबतीत विशेष जाणवते. देशातील पहिले खाजगी एफएम केंद्र २००१ मध्ये बंगळुरात सुरू झाले. पुढील वर्षी मुंबईत अशी अनेक केंद्रे निघाली. पहिल्या टप्प्यात परवाना लिलावाने मिळे, आणि त्याचे शुल्क दरसाल शेकडा पंधरा या प्रमाणात वाढत जाई. उत्पन्न होवो वा न होवो, शुल्क द्यावयाचेच. अशा स्थितीत चालक धाडस करीत नाही. सर्वांत मोठा समूह जे ऐकेल असे त्याला वाटते, तेच तो ऐकवितो. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असल्याने विविधतेचे आणखी एक दार बंद होते. परिणामी नवी हिंदी चित्रपटगीते आणि हिंदी निवेदन हीच बहुतेक केंद्रांची रचना झाली. २००५ च्या धोरणाने वार्षिक शुल्क उत्पन्नाच्या शेकडा चार असे ठरविले आणि कोल्हापूर, सांगली, नाशिक, जळगाव यांसारख्या शहरांतही खाजगी केंद्रे आली. परंतु महानगरातील सारखेपणा फारसा ओसरला नाही.

आता मुंबईतील मराठी श्रोत्याचा विचार करा. खाजगी वाहिन्यांपैकी बहुतेक हिंदीत बोलत असताना तो त्यांतील एखादी ऐकतो. रोजनिशीत त्याची नोंद हिंदी वाहिनीचा श्रोता अशी होते. पुढील वर्षी हीच नोंद दाखवून ‘मराठी निवेदनास मागणी नाही’ असे सांगता येते. हे अनुमान तर्कदृष्ट्या सदोष आहे: जो पर्याय ठेवलाच नाही, तो नाकारला गेला असे म्हणता येत नाही. भाषेचे सार्वजनिक जीवनातील स्थान अशा अनुमानांवर ठरत असेल, तर हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

४. भाषेची साक्ष

मनातील श्रोता कोणता, हे रचनाकार क्वचितच उघडपणे सांगतो. भाषा मात्र ते सांगून जाते. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’ ही आकाशवाणीच्या कार्यक्रमांची नावे पाहावीत. श्रोता येथे समाजातील एका स्थानावरून ओळखला जातो, आणि ‘मंडळ’, ‘सभा’ या शब्दांनी तो समूहात बसविला जातो. ‘आपली आवड’ हे नाव तर व्याकरणदृष्ट्याही मननीय आहे. मराठीतील ‘आपली’ आदरार्थी ‘तुमची’ही असते आणि बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्यास सामावणारी ‘आपणा सर्वांची’ही असते. ‘आमची’ने हे साधले नसते. खाजगी वाहिनीवरील निवेदक ज्याला मित्रासारखी हाक मारतो, तो मात्र एकटा, बहुधा तरुण आणि प्रवासात असलेला श्रोता असतो.

हे निरीक्षण शास्त्रीय कसोटीवर कसे उतरवावे, याचा उत्तम वस्तुपाठ ॲलन बेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडतो. वेलिंग्टन येथे काही वृत्तनिवेदक दोन निरनिराळ्या केंद्रांसाठी बातम्या वाचीत. व्यक्ती तीच, कामाची जागा तीच, विषयही बहुधा तेच. तरीही दोन स्वरांमधील ‘ट’चा उच्चार ते राष्ट्रीय केंद्रावर काटेकोरपणे करीत, आणि लोकप्रिय केंद्रावर तो अधिक वेळा ‘ड’सारखा होई. बदलला होता तो केवळ श्रोतृवर्ग. वक्त्याची शैली प्रामुख्याने श्रोत्यास अनुसरून घडते, हा बेल यांचा सिद्धांत त्यावर उभा आहे.

मराठीत अशा अभ्यासास सोयीचे रूप आपल्या हाताशीच आहे. लेखनात आपण ‘केले’, ‘सांगितले’ अशी एकारान्त रूपे वापरतो. प्रमाण बोलण्यात ती ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी होतात. लिहिलेले वाचून दाखवीत असूनही बोलल्याचा आभास निर्माण करणाऱ्या निवेदकास या दोहोंतून सतत निवड करावी लागते. एकच निवेदक बातम्यांत, भाषणाच्या प्रास्ताविकात आणि श्रोत्याशी दूरध्वनीवर बोलताना कोणते रूप किती वेळा योजतो, हे मोजता येईल. रचना बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल, तर केंद्राने आपला श्रोता केव्हा बदलला, हे कार्यक्रमपत्रिकेपेक्षाही नेमकेपणाने सांगता येईल.

५. पुढील कार्य

सामुदायिक नभोवाणीने या अभ्यासास नवे क्षेत्र उपलब्ध करून दिले आहे. २००६ च्या धोरणानुसार किमान अर्धे कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागाने निर्माण व्हावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, अशी अपेक्षा आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी तरंग वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली. जेथे ऐकणारा आणि बोलणारा एकाच गावचे असू शकतात, तेथे ‘श्रोत्यांची आवड’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय होतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखे आहे.

संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून तीन पथ्ये पाळावीत. श्रोत्यास प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणते पर्याय होते याची नोंद घ्यावी. गाण्यांची आवड आणि निवेदनाच्या भाषेची आवड यांची गल्लत करू नये. हिंदी गाणे मराठी निवेदनासह ऐकण्यास कोणतीही अडचण नसते. आणि प्रसारण हवेत विरून जाते हे लक्षात ठेवून ध्वनिमुद्रणे आजच जमवावीत. ती हाती नसतील, तर आवडीविषयी उरतील ते केवळ चालकांचे दावे. आणि ते पडताळून पाहण्याचे साधन आपणांपाशी राहणार नाही.