चार झडपांचा कारभार

हृदयाचं कौतुक होतं ते त्याच्या धडधडीचं. दिवसाला लाखभर ठोके, मिनिटाला पाचेक लिटर रक्त, आणि हे सगळं जेमतेम ३०० ग्रॅम वजनात. पण स्नायू कितीही जोरात आवळला तरी त्याला दिशा कळत नाही. तो आवळला की रक्त वाट मिळेल तिकडे जाणार, आल्या वाटेनं मागेसुद्धा. ते पुढेच जातं ते चार झडपांमुळे. त्यांच्या पाकळ्यांची जाडी मिलिमीटरच्या आसपास, स्वतःचं बळ जवळपास शून्य. मागून दाब आला की उघडायचं, पुढून आला की मिटायचं.

छातीत खरं तर पंप एक नाही, दोन आहेत; एकाच भिंतीला लागून, एकाच ठेक्यावर चालणारे. अंगभर फिरून आलेलं गडद रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेतून उजव्या कर्णिकेत येतं, त्रिदल झडपेतून उजव्या जवनिकेत आणि फुप्फुस झडपेतून फुप्फुसांकडे जातं. तिथे प्राणवायू घेऊन फुप्फुसशिरांवाटे डाव्या कर्णिकेत परततं, द्विदल म्हणजे मायट्रल झडपेतून डाव्या जवनिकेत जातं, आणि महाधमनीची झडप ओलांडून साऱ्या शरीरात. फुप्फुसं शेजारीच, त्यामुळे उजव्या पंपाला पाऱ्याच्या २५ मिलिमीटरइतका दाब पुरतो. डाव्याला १२० लागतो. बीपीतला वरचा आकडा तो हाच. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड. रक्त मात्र दोन्ही पंप सारखंच ढकलतात, ठोक्याला सत्तर मिलिलिटरच्या आसपास.

चौघींत सर्वांत जास्त ताण मायट्रलवर येतो. डावी जवनिका आवळली की तो सगळा दाब या दोन पातळ पाकळ्यांवर आदळतो. पाऊस-वाऱ्यात छत्री उलटते तशा त्या कर्णिकेत उलटायला हव्यात. उलटत नाहीत, कारण त्यांच्या कडांना आणि खालच्या अंगाला बारीक पांढरे दोर जोडलेले असतात आणि दोरांची दुसरी टोकं जवनिकेच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या दोन खुंट्यांना. गंमत अशी की हे दोर झडप ओढून बंद करत नाहीत. बंद तिला रक्तच करतं. दोर फक्त मर्यादा राखतात. जवनिका आवळताना लहान होते, म्हणजे दोर सैल पडायला हवेत. पण त्याच वेळी खुंट्याही आवळतात आणि दोर ताठ राहतात. हा हिशेब आयुष्यभर, दर सेकंदाला एकदा तरी, बरोबर सुटावा लागतो.

महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपांना असले दोर नाहीत. तीन अर्धचंद्राकृती खिसे एकमेकांना टेकतात, बस्स. महाधमनीच्या मुळाशी या खिशांमागे भिंतीला तीन फुगवटे आहेत. तिथे रक्ताचे भोवरे फिरतात आणि पाकळ्या मिटायला मदत करतात, हे लिओनार्दो द विंची यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चित्रं काढून मांडलं होतं. विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला.

रक्त गोल फिरतं हे कळलं तेही झडपांमुळेच, फक्त त्या हृदयातल्या नव्हेत, हातातल्या. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यानं शिरांमधल्या झडपांचं १६०३ मध्ये सचित्र वर्णन केलं, पण त्यांचं काम रक्ताचा वेग कमी करणं असावं, असं समजून तो थांबला. त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे थांबला नाही. त्याचा प्रयोग घरी करता येतो. कोपराच्या वर रुमाल बांधा, नाडी लागत राहील इतपतच घट्ट. हाताच्या शिरा फुगतील आणि त्यांवर मधूनमधून गाठी दिसतील, त्या झडपा. आता एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून पुढे, कोपराच्या दिशेनं, वरच्या गाठीपलीकडे रक्त सारा. मधला तुकडा रिकामा राहतो. वरून रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललंत की लगेच खालून भरतो. हार्वेनं सोबत हिशेबही मांडला: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर ढकलतं तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं, मग यकृत अन्नापासून ते सतत नव्यानं बनवतं हा प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासूनचा समज टिकणार कसा? १६२८ मध्ये हे पुस्तकरूपानं आलं. धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीनं त्या बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारं ‘लब-डब’ हे झडपांच्या मिटण्याशी जोडलेलं आहे: पहिला आवाज मायट्रल आणि त्रिदल मिटतानाचा, दुसरा उरलेल्या दोघींचा. त्यांच्यामध्ये फुसफुस ऐकू आली की डॉक्टर कान टवकारतात. आपल्याकडे त्या फुसफुशीमागे बरेचदा लहानपणचा एक घसा असतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूनं घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, सगळं उतरतंही. पण जिवाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून झडपांवरही उलटलेली असते. पुढे काही वर्षांत पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, दोर जाड आणि आखूड होतात. मायट्रलचं चार ते सहा चौरस सेंटीमीटरचं दार दीड किंवा त्याहून कमी होतं. कित्येक बायकांना हे पहिल्या बाळंतपणातच कळतं, कारण गरोदरपणी अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद दारातून ते जाईना होतं. जिना चढताना लागणारी धाप घरच्यांना गरोदरपणाचीच वाटते. ज्यांचा आजार वेळेत कळतो त्यांना पेनिसिलीनचं ‘एकवीस दिवसांचं इंजेक्शन’ वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

बिघडलेली झडप बदलता येते, हे १९६० मध्ये अमेरिकेत ओरेगनमध्ये सिद्ध झालं. लॉवेल एडवर्ड्स नावाच्या निवृत्त अभियंत्याला अख्खं कृत्रिम हृदय बनवायचं होतं. तरुण शल्यचिकित्सक अल्बर्ट स्टार यांनी त्याला आधी एक झडप बनवायला सांगितलं. जाळीत अडकवलेला गोळा, असं तिचं रूप. पुढे तिरक्या होणाऱ्या चकतीच्या झडपा आल्या. त्या परदेशातून येत आणि ज्या घरांत हा आजार जास्त होता त्यांनाच परवडत नसत.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांनी देशी झडप बनवायला घेतली ती या पार्श्वभूमीवर. प्रयोगशाळा होती त्रावणकोरच्या राजघराण्यानं दिलेल्या सॅटेलमंड पॅलेसमध्ये. मला या कथेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते अपयश. एका नमुन्यात कृत्रिम नीलमण्याच्या चकतीनं टायटॅनियमची चौकट झिजवली. चौकटीचा मिश्रधातू बदलला, तर चकतीच फुटली. तीन नमुने असे बाद झाल्यावर चौथ्यात चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढली, म्हणजे सांधा निखळण्याची भीतीच नको. ती भीती काही पुस्तकी नव्हती. चौकटीची काडी तुटल्यानं एक नामांकित परदेशी झडप १९८६ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली होती. चकतीसाठी त्यांनी निवडलं कृत्रिम सांध्यांत वापरतात ते टणक पॉलिथिलीन. हिरे-माणकांच्या जातीचं सोडून प्लास्टिकवर येणं, हे धाडसच. वर्षाला जवळपास चार कोटी वेळा उघडमीट करायची असल्यानं झडपा यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडमिटून आणि मेंढ्यांमध्ये बसवून तपासल्या. ६ डिसेंबर १९९० रोजी पहिली झडप माणसाला बसवली गेली. टीटीके कंपनीनं उत्पादन हाती घेतलं, आणि आतापर्यंत लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत. चकती प्लास्टिकची असल्यानं इतर यांत्रिक झडपांची टिकटिक हिला कमी.

तरी ही झडप परकीच. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. पालकाची भाजी एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं केलं तरी तपासणीचा आकडा हलतो. गरोदरपणी हीच गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनवलेल्या झडपेला सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, पण ती तरुण वयात लवकर खराब होते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. विशी-बाविशीतल्या मुलीसमोर या दोनच वाटा ठेवताना डॉक्टरही घुटमळतात. म्हणून हल्ली शक्य असेल तिथे आधी फुग्यानं दार रुंद करणं किंवा मूळ झडपच दुरुस्त करणं पाहतात. मायट्रल बदलावीच लागली तरी खालचे दोर जमतील तेवढे राखतात, कारण ते सगळे कापले की डाव्या जवनिकेचा आकार आणि जोर दोन्ही बिघडतात.