गेले किती, मेले किती

सातारा जिल्ह्यात हिंडताना एखाद्या गावाच्या चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत हातभर संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले असं सांगतात. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी अशा पाट्यांचे फोटो काढतो, जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो आणि ते इंटरनेटवर चढवतो. यात पैसे नाहीत. मानही बेताचाच.

या कामाची पद्धत मी परदेशी स्वयंसेवकांकडून उचलली. जिम टिप्टन या अमेरिकन माणसाला नामवंतांच्या कबरी पाहत फिरण्याचा छंद होता. त्यातून १९९५ मध्ये त्यानं ‘फाइंड अ ग्रेव्ह’ सुरू केलं. दूरदेशी असलेला वंशज तिथं विनंती टाकतो, आणि त्या दफनभूमीजवळ राहणारा कोणी अनोळखी माणूस जाऊन दगडाचा फोटो काढून पाठवतो. व्यवस्था सुंदर आहे, पण ती कबर गृहीत धरते. आमची माणसं सरणावर गेली. ती कुठून दाखवायची? अशांसाठी तिथं देहाविना उभारलेल्या स्मारकाची नोंद करता येते. आपल्याकडच्या वीरगळालाही बहुधा याच रकान्यात बसवावं लागेल.

फोटो काढणं सोपं वाटतं. भर दुपारी गेलात तर पाटी नुसती पांढरी दिसते. सकाळी ऊन तिरपं असताना खोदलेल्या अक्षरांत सावली धरते आणि झिजलेला आकडाही उठून येतो. ऊन मिळालं नाही तर आरसा घेऊन बाजूनं उजेड टाकायचा. खडूनं अक्षरं भरायची नाहीत, तारेचा ब्रश लावायचा नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. आपल्याकडे खरी अडचण ऑइलपेंटची. यात्रेच्या आधी देवळाबरोबर पाटीही रंगते, आणि रंगवणाऱ्याला जो आकडा दिसला तो पुढच्या पिढीसाठी पक्का होतो. एका गावात मी तीनाचा आठ झालेला पाहिला आहे.

मग नावं कुठं आहेत? बरीचशी बसऱ्याच्या यादीत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सैन्यानं शरणागती पत्करली. कित्येक जण त्यानंतर कैदेत मेले. मेसोपोटेमियातल्या ज्या मृतांच्या कबरी ठाऊक नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये खुलं झालं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली; हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. म्हणजे गावातही आकडा, बसऱ्यातही आकडा! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंद झालीच नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

कमिशनच्या संकेतस्थळावर आता पुष्कळ शिपाई नावानं शोधता येतात. नोंद नशिबाची असेल तर बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. पण ती रोमन लिपीत, आणि ऐकू येईल तसं लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातची. पवारचा पोवार होतो, जाधवचा जाधाव. गावाचं स्पेलिंग तर मोठ्यानं वाचल्याशिवाय उलगडत नाही.

इथंच माझ्या हातून चूक झाली. एका गावच्या नोंदीतलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका घराशी जुळलं. मी उत्साहानं कागद छापून नेऊन दिला. त्यांनी तो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावला, पितृपक्षात त्या तारखेला पान वाढलं. वर्षभरानं दुसऱ्या आळीतल्या एका घरात पत्र्याच्या पेटीतून पदक निघालं. त्या घरच्या शिपायाचं आणि त्याच्या बापाचंही नाव तेच. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि पलटण कोरलेली असते. भिंगानं पाहिलं, नंबर माझ्या नोंदीतला होता.

संकेतस्थळावरची नोंद मी त्याच रात्री दुरुस्त केली आणि चूक कशी झाली तेही तिथं लिहिलं. तेव्हापासून नंबर जुळल्याशिवाय मी कुठल्याच घरी कागद नेत नाही. पहिल्या घरी मात्र मला स्वतः जावं लागलं. तिथल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं, फ्रेम उतरवून पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

“त्यांचा त्यांना नेऊन द्या,” त्या म्हणाल्या. “पण मग आमचा कुठं लिहिलाय, बाबा?”

बसऱ्याच्या यादीत त्या आडनावाच्या अजून बऱ्याच नोंदी आहेत. त्या मी एकेक करून वाचतो आहे.