बैठं घर, उभा हट्ट

'डुप्लेक्स' म्हणताना आपल्या ऑफिसातल्या मंडळींचा आवाज आपोआप चढतो. आतून जिना, वर मास्टर बेडरूम, कठड्यावरून खाली डोकावणं... एकदम सिनेमातलं घर! मला मात्र हल्ली बैठ्या घराचं वेड लागलंय. एकच मजला, डोक्यावर फक्त छप्पर.

साधा हिशोब मांडा. मजल्याची उंची १० फूट आणि पायरी ७ इंचांची धरली, की झाल्या १७ पायऱ्या. मोबाइल वर राहिला, १७. कपडे वाळत घालायचेत, १७. तिशीत हे जिम म्हणून खपतं. पण आई-बाबांना कायमचं आपल्याकडे आणायचं असेल तर? 'त्यांची सोय खाली करू की' असं मित्र सुचवतात. म्हणजे ती दोघं खाली, आम्ही वर आणि बोलणं फोनवर! रात्री बाबांना ढास लागली तर मला ऐकू यायला हवी. माझं स्पेसिफिकेशन एवढंच.

कोकणातली जुनी घरं यात तरबेज. अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, सगळं एकामागोमाग. ओटीवरची हाक थेट चुलीपाशी. वर माळा असे, पण तो अडगळीसाठी. शिवाय कौलांची धग तो वरच्यावर अडवी. नवे बंगलेवाले नेमकं हेच विसरतात. बैठ्या घरात प्रत्येक खोलीवर थेट छप्परच येतं. सपाट स्लॅब ओतून मोकळे झालात, तर एप्रिलमध्ये अख्ख्या घराची भट्टी! उतरतं कौलारू छप्पर, खाली पोटमाळा, भिंतीवर सावली धरेल अशी रुंद वळचण, एवढं हवंच.

आता खिशाचं बोलू. १,००० चौरस फुटांचं घर एका मजल्यावर पसरलं, की पाया आणि छप्परही तेवढंच. दोन मजल्यांत रचलं तर दोन्ही साधारण निम्म्यावर. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. घर, अंगण, गाडी आणि एक आंबा (तो हवाच!) धरून मला तीन गुंठे तरी लागतील. पुण्यात प्रभात रोडला? विसरा. म्हणून मी भोर, वाईकडे प्लॉट बघतोय. रोज ऑफिस गाठायचं असतं, तर हा हट्ट परवडलाच नसता.

प्लॅनचा पहिला कागद बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बाथरूमच्या दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे पायरी नाही ना?"