गिझरच्या पोटातला दगड

कुणाच्या घरी गेलो की माझं लक्ष शोकेसकडं जात नाही, न्हाणीघरात खिळ्याला टांगलेल्या रॉडकडं जातं. पाणी तापवायची ती साधी स्वस्तातली वस्तू, पण त्या घरच्या पाण्याची कुंडली तिच्यावर लिहिलेली असते. नांदेडात ज्या घरी विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी नळाला येतं, तिथली रॉड वर्षभर वापरून जरा काळपट झालेली दिसते, एवढंच. शहराबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, निव्वळ बोअरवर चालणाऱ्या घरात तीच रॉड पांढरी, खरबरीत आणि बोटाएवढी जाड होते. लातूरला औसा रोडच्या बाजूला एका घरी तर रॉडच्या वेटोळ्यांमधली फटच बुजलेली होती. घरमालकाला विचारलं, "गिझर आहे का?" तो म्हणाला, "आहे की, पण अलीकडं तापंना झालाय. कंपनीच भिकार." कंपनीचा दोष किती असेल तो असो. रॉड पाहूनच मला गिझरच्या पोटात काय आहे ते कळलं होतं.

गरम पाण्याच्या तक्रारी घेऊन आपण नेहमी यंत्राकडं बघतो. माझं म्हणणं असं की मराठवाड्यात तरी आधी पाण्याकडं बघावं. बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड का असतं? पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. मग खालच्या काळ्या बेसाल्टच्या भेगांतून उतरताना त्या खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितकं जुनं पाणी, तितकं सहसा जास्त जड. दुष्काळात लातूर भागात लोक सातशे-आठशे फुटांपर्यंत बोअर घेत गेले. तिथून जे वर आलं ते पाणी खरं, पण त्यात खडकाचा वाटा मोठा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं म्हटलंय. आपलं पाणी कुठं बसतं हे ज्याला पाहायचं असेल त्यानं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी. नाहीतर साबण आहेच. फेस येईना आणि बादलीच्या कडेला मळकट साय धरू लागली की समजावं.

आता गंमत बघा. साखर, मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. पाण्यातलं हे कॅल्शियम उलट्या डोक्याचं आहे. थंड पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात गुपचूप असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चक्क चुनखडीचा दगड. जागा जितकी जास्त तापलेली, तितका तो तिथं आधी बसतो. गिझरमध्ये सर्वात तापलेली जागा कोणती? कॉइल. हिशेब करून बघू. पाण्याचा कठीणपणा ५०० आहे आणि घरात रोज १०० लिटर गरम पाणी लागतं असं धरा. म्हणजे रोज ५० ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला १८०० ग्रॅम दगड साठतो.

तो दगड मी लातूरच्या त्याच घरी पाहिला. मिस्त्रीनं मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, पाणी काढलं आणि खालच्या झाकणाचे नट सोडवले. झाकण हलेना. पान्ह्याच्या लाकडी मुठीनं दोन टोले दिले तशी आतून घमेल्यात पांढरी ओली खडी धडाधड पडली. मग कॉइल ओढून काढली. तिचा आकारच दिसत नव्हता, वेढ्यांच्या मधली जागा भरून एक सलग ढेकूळ झालं होतं. मिस्त्री म्हणाला, "काका, ह्यात पाणी कमी अन् दगडच जास्ती हाय." मी एक खपली उचलून मोडली. आत कागदाएवढे पातळ थर होते, काही पांढरे, काही तांबूस. स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू मागवून पिळलं तर बारीक फेस उठला. घरच्या वहिनींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलो नाही.

क्षार धरलेला गिझर आधी आवाजानं कळवतो. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते. पुढं पाणी कमी पडायला लागतं, कारण टाकीची जागा खडीनं खाल्लेली असते. थर्मोस्टॅटच्या नळीभोवती थर बसला तर त्याला खरं तापमान कळत नाही, मग तो वेळेआधी तरी बंद पडतो नाहीतर उशिरा तरी. शेवटी कॉइल जळते.

इथं एका समजुतीशी मला भांडायचं आहे. क्षार बसले की विजेचं बिल दुप्पट येतं, असं जो तो सांगतो. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्या उष्णतेला पाण्याशिवाय जायला दुसरी वाट नाही, त्यामुळं बिलात फार मोठा फरक पडायचं कारण नाही. फरक कॉइलच्या आयुष्यात पडतो. थरामुळं उष्णता लवकर निघत नाही, कॉइल आतल्या आत भाजत राहते आणि एक दिवस तिचं कवच फुटतं. बिल वाढलंच असेल तर गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरच्या माणसाला आधी शोधावं.

पाणी उशिरा तापतं या तक्रारीत दगडाचा हात नसतोही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या गिझरला साधारण १८-२० मिनिटं. पण ही शक्ती २३० व्होल्टला. खेड्यात सकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं, आणि कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २००० वॅटचे जेमतेम सव्वाबाराशे उरतात आणि त्याच पाण्याला अर्धा तास लागतो. अशा घरी नवा गिझर आणला तरी तोही अर्धा तासच घेणार.

उपाय फार अवघड नाहीत. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, गिझर उघडून साफ करून घ्यावा. कॉइल किराणा दुकानातल्या लिंबूफुलाच्या पाण्यात भिजत ठेवली की थर सुटतो. संडास धुवायचं ॲसिड मात्र वापरू देऊ नका, ते दगडाबरोबर धातूही खातं. उघडलाच आहे तर आतली मॅग्नेशियमची कांडी बघून घ्या. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. क्षारांच्या पाण्यात ती लवकर संपते, आणि संपली की गंज टाकीला धरतो. तांबूस पाणी येणं ही त्याची खूण. टाकीच गळायला लागली तर डागडुजीच्या नादी न लागता गिझर बदलावा. थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवला तरी थर बसण्याचा वेग बराच कमी होतो, तशी ७० अंशांची आंघोळ कोण करतं? मिठावर चालणारा सॉफ्टनर कामाचा आहे, फक्त त्यात मीठ टाकायची शिस्त लागते. पाइपला बांधायच्या लोहचुंबकांवर माझा विश्वास नाही.

गिझरच्या थंड पाण्याच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. १५ लिटर पाणी तापून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरनं फुगतं. परतीची वाट बंद असेल तर ते जादा पाणी त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तापताना थोडं ठिबकणं ठीक, चोवीस तास गळणं ठीक नाही. बूच मारणं म्हणजे टाकी फुटायची सोय करणं.

बाकी इतिहास थोडक्यात. चुलीवरचा हंडा, तांब्याचं घंगाळ, मग मधोमध धुराडं असलेला तांब्याचा बंब, रॉड, विजेचा गिझर, गॅसचा गिझर आणि गच्चीवरचं सोलर, अशा क्रमानं आपण आलो. लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्ते फुटणाऱ्या त्या गोल बाजारात, मी एकदा मोडीतला बंब हात घालून पाहिला. त्याच्या धुराड्याच्या नळीलाही पाण्याच्या बाजूनं तोच थर होता.

आणि निसर्गाचा गिझर पाहायचा असेल तर किनवट तालुक्यात उनकेश्वरला जावं. पैनगंगेच्या काठी महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं. त्वचारोग बरे होतात या श्रद्धेनं लोक लांबून येतात. मी गेलो तेव्हा बाकीचे देवाकडं बघत होते आणि मी कुंडाच्या कडेला बसलेले थर. सोबतचे मित्र वैतागले. पण कॉइल नाही, वीज नाही, बिल नाही आणि पाणी चालूच, हे पाहून माहूरचं दर्शन तासभर लांबलं तर बिघडलं कुठं?

आता ज्यात जीव जातो त्या दोन गोष्टी. कॉइलचं कवच फुटलं की करंट पाण्यात उतरतो. तोटीला हात लावताच मुंग्या आल्या तर आंघोळ तिथंच थांबवून मेन बंद करावा. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर तो क्षणात पडतो. वारंवार पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनला तो काढून टाकायला सांगू नये, आरसीसीबी बरोबरच सांगत असतो. अर्थिंगचा खड्डाही बघावा. आपल्या उन्हाळ्यात तो कोरडाठाक पडतो आणि कोरडी माती करंट नीट घेत नाही. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. लातूरला शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांत रॉडवर पाणी तापतं. पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायची त्यांची सवय कुणीतरी मोडायला हवी. आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, मग हात.

दुसरी गोष्ट गॅसची. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावला की ज्योतीला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, गरगरतं, आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड पडतो. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर तो गिझर वापरू नका. यंत्र बाहेर, उघड्यावर हवं, आत फक्त पाइप. नुसती टिकटिक होते आणि पेटत नाही, ही तक्रार मात्र निरुपद्रवी. सेल तरी उतरलेले असतात, नाहीतर वरची टाकी कमी उंचीवर असल्यानं पाण्याला दाब नसतो.

सोलरचं दुखणं लातूरइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला कळेल असं वाटत नाही. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं आणि ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लोक पिण्याच्या घागरीच्या काळजीत होते, गच्चीवर काय चाललंय ते कोण बघतंय? गच्चीवर रिकाम्या काचेच्या नळ्या भर उन्हात तापत होत्या. प्रत्येक नळीत एरवी अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते नसलं की आतली काच भयंकर तापते. मग दुपारी टँकर येतो, टाकी भरते, थंड पाणी नळीत उतरतं आणि काच तडकते. नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. तो दुधासारखा पांढरा झालेला दिसला तर नळी अख्खी असली तरी तिच्यातली निर्वात पोकळी गेलेली आहे; ती पाणी तापवणार नाही. जड पाण्याचा गाळ आणि खपल्याही नळीच्या तळाशीच बसतात, म्हणून वर्षातून एकदा नळ्या उतरवून धुवाव्या लागतात. बोअरच असेल तर घेतानाच उष्णता अदलाबदल करणारी वेगळी टाकी असलेला प्रकार मागावा. महाग पडतो, पण मी तोच सुचवतो.

टाकीवरचा हवेचा उभा पाइप बुजलेला नाही ना, तेही बघा. वरून थंड पाणी येत नसताना खाली कुणी गरम पाणी सोडलं आणि हवा आत शिरली नाही, तर टाकी आत चेपते. थंडीत पाणी कोमट येऊ लागलं तर मिस्त्री बोलवायच्या आधी दक्षिणेकडं बघा. डिसेंबरात लातूरला भर दुपारीही सूर्य ५० अंशांपेक्षा वर चढत नाही, शेजाऱ्यानं चढवलेल्या मजल्याची सावली उन्हाळ्यात दिसत नाही ती तेव्हा नळ्यांवर पडते.

आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या घरात सोलरच्या थंड पाइपला वेगळा कॉक असावा. वरची टाकी रिकामी झाली की तो बंद करायचा. पाणी दुपारी दोनला येवो की चारला, वरची टाकी भरून घ्यायची, आणि कॉक दिवस मावळून नळ्या निवल्यावरच उघडायचा.