जुन्या स्कूटरची चाके

वडिलांची चेतक अंगणात उभी आहे आणि ती पुन्हा नांदेड-लातूर रस्त्याला लावायचे मनात आहे, तर रंगाचा डबा नंतर आणा. आधी चाकांपाशी बसा.

टायरच्या कडेवर ३.५०-१० असे आकडे दिसतील. पहिला टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. जुन्या काही स्कूटरांना ८ इंची चाक असे, तेव्हा ‘स्कूटरचा टायर द्या’ एवढं सांगून भागत नाही. रुंद टायर रुबाबदार खरा, पण पत्र्याला घासला म्हणजे रुबाब संपला! चार आकडी तारीखही बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेले रबर आपल्याकडच्या उन्हात तडकते, नक्षी कितीही खोल असो.

रिम मात्र नीट समजून घ्या. ती अखंड नसते. पोलादी पत्र्याच्या दोन बशा नटांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे पंक्चरला टायर उचकटावा लागत नाही, बशा सुट्या करायच्या. सोय मोठी, आणि धोकाही इथेच. चाक गाडीवरून काढायचे नट वेगळे, बशा जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना चुकून हे दुसरे सैल केले, तर दाबाने बशा उसळून हात मोडू शकतो. लोहा-अहमदपूरच्या मध्ये बाभळीचा काटा लागलेला, ऊन तापलेले, आपण घाईत. चूक होते ती अशाच वेळी. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पुरती सोडा, मगच पाना लावा.

टायर ट्यूबलेस मिळाला तरी या रिमला ट्यूब हवीच. सांध्यातून हवा निघून जाते. सांध्याचा पत्रा गंजाने खाल्ला असेल तर रिमच बदला, आणि हो, स्टेपनीचीसुद्धा.