खांदा सैनिकाचा, लगाम दात्याच्या हाती

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाचे चिलखती तांडे कीव्हच्या दिशेने निघाले, तेव्हा युक्रेनची राजधानी काही दिवसांतच पडेल, असा बहुतेकांचा होरा होता. तो खोटा ठरला आणि मार्चअखेर रशियाने कीव्हभोवतालचे सैन्य मागे घेतले. या माघारीत युक्रेनच्या तोफखान्याचा, रशियाच्या ढिसाळ रसदव्यवस्थेचा आणि वसंतातल्या चिखलाचा वाटा मोठा होता. जनमानसात मात्र श्रेय जमा झाले ते खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या रणगाडाविरोधी अस्त्रांच्या, त्यातही अमेरिकेच्या ‘जॅव्हलिन’च्या खाती. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. युद्धकाळात मदत म्हणून मिळणाऱ्या शस्त्रांचे दात मात्र मोजावेच लागतात, कारण त्यावर सैनिकाचा जीव आणि देशाचे धोरणस्वातंत्र्य या दोहोंचे भवितव्य ठरते.

युक्रेनला मिळालेली अस्त्रे एकाच कुळातील असली, तरी एकाच जातीची नव्हती. जॅव्हलिन हे त्यांतले सर्वांत प्रगत. १९९६ पासून अमेरिकी सैन्यात असलेले हे क्षेपणास्त्र लक्ष्याची उष्णताप्रतिमा टिपते आणि एकदा सुटले की स्वतःच तिचा पाठलाग करते. त्यामुळे ते डागणाऱ्याला तत्काळ जागा बदलता येते. ते वर झेपावून रणगाड्याच्या छतावर, म्हणजे चिलखत सर्वांत पातळ असते तेथे, आदळते. मूळ पल्ला अडीच किलोमीटरचा, नव्या आवृत्तीचा चार किलोमीटरपर्यंत. संपूर्ण संचाचे वजन सुमारे २२ किलो. नेम धरण्याचे उपकरण पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक क्षेपणास्त्र महागडे असते.

ब्रिटनने दिलेले ‘एनलॉ’ वेगळ्या विचारातून घडले आहे. स्वीडनच्या साब कंपनीने ते विकसित केले. त्याची जुळणी बेलफास्टमध्ये होते. सैनिकाने दोन-तीन सेकंद धावत्या रणगाड्यावर नेम धरून ठेवायचा. तेवढ्यात अस्त्रातील संगणक लक्ष्याची गती मोजून ते पुढे कोठे असेल, याचे गणित मांडतो. क्षेपणास्त्र रणगाड्यावरून जाता जाता खाली स्फोट करते. वजन साडेबारा किलो, पल्ला जेमतेम आठशे मीटर, आणि एकदा वापरले की नळी टाकून द्यायची. अर्थात शत्रूला एवढ्या जवळ येऊ देण्याचे धैर्य सैनिकाकडे हवे. जॅव्हलिनपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे आणि ते शिकायला आठवडे लागत नाहीत. झाडीत, गल्लीबोळांत आणि वस्तीच्या कडेला हाच आखूड पल्ला पुरेसा ठरला.

फ्रान्सची ‘मिलान’ आणि अमेरिकेची ‘टो’ ही मागच्या पिढीतील, तारेने नियंत्रित होणारी क्षेपणास्त्रे. त्यांत लक्ष्यभेद होईपर्यंत नेम ढळू देऊन चालत नाही. ती काही सेकंदे सैनिक जागेवर खिळलेला असतो. स्वीडनने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलेली पाच हजार ‘एटी-४’ तर क्षेपणास्त्रेच नव्हेत. ती दिशादर्शन नसलेली साधी अस्त्रे आहेत. दुसरीकडे युक्रेनची स्वतःची ‘स्टुग्ना’ पाच किलोमीटरपर्यंत मारा करते आणि तिचा चालक पन्नास मीटर दूर आडोशाला बसून तिचे नियंत्रण करू शकतो. ती जड आहे, पण कीव्हमधील लूच संस्थेने घडवलेली असल्याने तिच्या वापरासाठी कुणाची अनुमती लागत नाही. पल्ला आणि वजनाच्या तक्त्यात हा गुण दिसत नाही; युद्धात मात्र तो सर्वांत आधी जाणवतो.

जॅव्हलिनचा प्रवासच याची साक्ष देतो. २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया घेतल्यानंतर युक्रेनने अमेरिकेकडे संहारक शस्त्रे मागितली. ओबामा प्रशासनाने संघर्ष चिघळेल या भीतीने ती नाकारली. ट्रम्प प्रशासनाने २०१८ मध्ये २१० क्षेपणास्त्रे आणि ३७ प्रक्षेपण संच यांच्या सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरच्या विक्रीस मान्यता दिली, पण ती आघाडीपासून दूर ठेवली जावीत, हा आग्रह त्यासोबत होताच. जुलै २०१९ मध्ये झेलेन्स्की यांनी दूरध्वनीवर आणखी जॅव्हलिनचा विषय काढला आणि ट्रम्प यांनी त्यालाच जोडून स्वतःच्या राजकीय सोयीचे ‘काम’ सांगितले. सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत त्या काळात रोखलेली होती. या प्रकरणातूनच प्रतिनिधिगृहात महाभियोग उभा राहिला. सिनेटने फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प यांना दोषमुक्त केले. एका देशाच्या रणांगणासाठीचे अस्त्र दुसऱ्या देशाच्या निवडणुकीचे हत्यार कसे होते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

इतर दात्यांचीही वर्तणूक त्यांच्या घरच्या राजकारणाने घडवली. ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी आक्रमणाच्या महिनाभर आधी, १७ जानेवारी २०२२ रोजी, रणगाडाविरोधी अस्त्रे पाठवत असल्याचे पार्लमेंटला सांगितले. ९ मार्चपर्यंत ३,६१५ ‘एनलॉ’ पोहोचल्याचा हिशेबही त्यांनी तेथेच दिला. त्याच जानेवारीत जर्मनीने देऊ केली होती पाच हजार शिरस्त्राणे. युद्धक्षेत्रात शस्त्रे न पाठवण्याचे धोरण बर्लिनने सोडले ते आक्रमण सुरू झाल्यावर, २६ फेब्रुवारीला. तेव्हा एक हजार रणगाडाविरोधी अस्त्रे जाहीर झाली. आधी आलेले मध्यम प्रतीचे अस्त्र उशिरा आलेल्या उत्तम अस्त्राहून मोलाचे असते, हा धडा कीव्हच्या सीमेवर गिरवला गेला.

त्याहून गंभीर प्रश्न साठ्याचा आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ पर्यंत साडेआठ हजारांहून अधिक जॅव्हलिन देण्याचे जाहीर केले. त्या वेळी वार्षिक उत्पादन होते सुमारे २,१०० चे. म्हणजे चार वर्षांचे उत्पादन सहा महिन्यांच्या घोषणांत संपले. मे २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन स्वतः अलाबामातील जॅव्हलिनच्या कारखान्यात गेले, यामागे प्रचार होता तशी चिंताही होती. ब्रिटनलाही डिसेंबर २०२२ मध्ये रिकामी कोठारे भरण्यासाठी सुमारे २३ कोटी पौंडांची नवी मागणी नोंदवावी लागली. दात्याची कोठी जिथे आटते, तिथे मदतीचे आश्वासनही आटते.

हे प्रथमच घडले असे नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझ ओलांडणाऱ्या इजिप्तच्या पायदळाने सोव्हिएत ‘सॅगर’ क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली. रणगाड्याचे युग संपल्याची भाकिते तेव्हाही झाली. मग इस्रायली दलांनी क्षेपणास्त्र डागणाऱ्यावरच मारा करण्याचे तंत्र शिकून घेतले आणि अमेरिकेने हवाई मार्गाने रसद धाडली. १९८७ मध्ये फ्रान्सच्या मिलान घेऊन टोयोटा गाड्यांवरून लढणाऱ्या चाडच्या सैनिकांनी लिबियाच्या रणगाड्यांना पळता भुई थोडी केली. अस्त्राचा पहिला धक्का मोठा असतो. त्यावर उतारा शोधला जातोच. युक्रेनमध्येही २०२३ नंतर काहीशे डॉलरचे स्फोटकवाहू ड्रोन रणगाड्यांचा काळ ठरू लागले. महागड्या क्षेपणास्त्राची गरज त्यामुळे संपली नाही. पण त्याचे एकमेवपण संपले.

दात्याचा लगाम पुन्हा जाणवला तो २०२३ च्या अखेरीस. अमेरिकी काँग्रेसमध्ये निधी अडकला आणि सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत एप्रिल २०२४ मध्येच मार्गी लागली. मधल्या महिन्यांत युक्रेनच्या आघाडीवर दारूगोळा मोजून वापरला जात होता. मार्च २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधील खडाजंगीनंतर मदत आठवडाभर थांबवण्यात आली. त्याच वर्षी युरोपीय मित्रदेशांनी पैसे मोजायचे आणि अमेरिकी शस्त्रे युक्रेनला द्यायची, अशी व्यवस्था आकाराला आली. मदतीची जागा विक्रीने घेतली, लगाम मात्र त्याच हातात राहिला.

साउथ ब्लॉकने हा सारा तपशील परक्याची गोष्ट म्हणून वाचणे परवडणारे नाही. मिलान भारतातही आहे. हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये ती परवान्याखाली तयार होते. २०१४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने जॅव्हलिनऐवजी इस्रायलच्या ‘स्पाइक’ला पसंती दिली. पुढे स्वदेशी पर्यायाच्या भरवशावर तो मोठा व्यवहार रद्द झाला आणि २०१९ मध्ये तातडीची गरज म्हणून तीच स्पाइक थोड्या संख्येने घ्यावी लागली. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातील असल्याचे सांगितले होते. अत्याधुनिक होती अवघी ८ टक्के. त्या आकड्यांवर सभागृहात जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

आता चक्र पुन्हा जॅव्हलिनपाशी आले आहे. फेब्रुवारी २०२५ मधील मोदी-ट्रम्प संयुक्त निवेदनात तिच्या खरेदीचा आणि भारतातील सहउत्पादनाचा उल्लेख होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने भारताला १०० क्षेपणास्त्रे आणि २५ प्रक्षेपण संच विकण्याचा सुमारे साडेचार कोटी डॉलरचा प्रस्ताव आपल्या काँग्रेसला कळवला. संख्या किरकोळ आहे. निकडीची उणीव ती भरू शकेल, विसंबून राहण्याजोगी नाही. खरा कस लागेल तो सहउत्पादनाच्या करारात: उष्णताप्रतिमा टिपणारा शोधक येथे बनेल की सुटे भाग केवळ जोडले जातील, आणि संकटकाळात पुरवठा रोखण्याचा अधिकार कुणाकडे राहील. संरक्षण संशोधन संस्थेचे सैनिकाला वाहून नेता येणारे स्वदेशी क्षेपणास्त्र चाचण्यांच्या पायऱ्या चढते आहे. आयातीच्या घाईत त्याची मागणी मागे पडणार नाही, हे पाहणे संसदेचे काम आहे.

कीव्हच्या रस्त्यांवर सैनिकाने अस्त्र खांद्यावर घेतले, तेव्हा ते कोणत्या देशाचे आहे, हे त्याच्या दृष्टीने गौण होते. त्याच्या सरकारला मात्र ते क्षणभरही विसरता आले नाही.