संगणक जागा होताना

संगणकाचे बटण दाबावे, पंखा फिरू लागावा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढेच यावे: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. तिवस्यासारख्या तालुक्याच्या गावी हा नुसता यंत्राचा बिघाड राहत नाही. कुणाच्या पीकविम्याच्या अर्जाची मुदत संपत असते, कुणाच्या मुलीचा प्रवेश अडलेला असतो, कुणाचे दहा वर्षांचे लेखन त्यात असते. अशा वेळी कुणीतरी सहज सांगून जातो, ‘भाऊ, फॉरमॅट मारा लागते!’

मंडळी, तेवढी घाई करू नका. त्या ओळीचा अर्थ सारे पुसले गेले, असा होत नाही. सुरुवात कुठून करायची हे संगणकाला सापडले नाही, इतकेच ती सांगते.

हे शोधतो कोण? संगणकाच्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याला आपण गावचा कोतवाल समजू. तो सर्वांआधी उठतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो आणि मग विंडोजला हाक मारतो.

१९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आलेला जुना कोतवाल म्हणजे बायोस. तो डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात सुरुवातीची खूण शोधतो. नव्याचे नाव यूईएफआय. तो डिस्कवरच्या एका वेगळ्या कप्प्यातली फाइल शोधतो. घर एकच, दारे दोन. जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज नव्या कोतवालाला दिसत नाही आणि नव्या पद्धतीची जुन्याला. मधल्या काळातल्या बऱ्याच संगणकांत दोन्ही पद्धती निवडता येतात. अलीकडच्या अनेकांत मात्र जुनी, म्हणजे ‘लेगसी’, पद्धत काढूनच टाकली आहे. म्हणून जुन्या संगणकाची धडधाकट डिस्क नव्यात लावली तरी तो सुरू होईलच असे नाही.

काल चालणारा संगणक आज का अडतो? एक साधे कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी. ती संपली की घड्याळ मागे जाते आणि बऱ्याच जुन्या संगणकांत फर्मवेअरची निवडही कारखान्यातल्या मूळ स्थितीला येते. तारीख भलतीच दिसली तर आधी हिच्यावर संशय घ्यावा. वीजजोडणी काढून ती बदलता येते.

आता क्रमाने काय करावे? पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो घ्या. पेनड्राइव्ह, सीडी काढून पुन्हा सुरू करा. तरीही अडले तर सुरू होतानाच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट (कंपनीनुसार कळ वेगळी) दाबून सेटअप उघडा. तिथे डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसेल तर वायर सैल असेल किंवा डिस्क बिघडली असेल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करून जाणकाराकडे न्या. नाव दिसत असेल तर तारीख आणि बूट मोड पाहा. जुनी नोंद लिहून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. संगणकाने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली तर ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला यूईएफआय लागते, म्हणून ही अडचण आता अधिक जणांपुढे येईल. नुसता मोड बदलला तर चालू असलेली विंडोजही अडते. डिस्क न पुसता तिची मांडणी बदलणारे साधन मायक्रोसॉफ्टने दिले आहे, पण आधी सगळ्याची प्रत काढूनच ते वापरावे. फर्मवेअर अद्ययावत करायचे तर नेमक्या मॉडेलचेच घ्यावे आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तेव्हा तो उद्योग टाळावा. काम अर्ध्यावर तुटले तर कोतवालच बेशुद्ध पडायचा!

दुरुस्तीला देताना एवढे विचारा: ‘सेटअपमध्ये डिस्क दिसते का? ती दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढून घेता येतील का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका.